राजधानीला गेलेल्या विटा

विहिरीवरून पाणी आणून झालं की अपोलोनिया डोक्याला रुमाल बांधायची, हातोडी घ्यायची आणि टेकडी चढून किल्ल्यावर कामाला जायची. युद्धात या किल्ल्याला एक गोळासुद्धा लागला नव्हता. जर्मन मालक गेले, गावातले जर्मन हाकलले गेले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत पूर्वेकडून हाकललेली अपोलोनियासारखी पोलिश माणसं आणून बसवली. मग जळालेली राजधानी उभारायला विटा हव्यात, असा वरून हुकूम आला. चारशे वर्षं उभा राहिलेला किल्ला असा शांततेच्या काळात आडवा होऊ लागला. पुरुष भिंती पाडायचे, बाया विटांवरचा चुना झाडायच्या.

त्या दिवशी धुकं उतरलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या हातोड्या थांबल्या, तरी एक वाजतच राहिली. टक... टक टक... टक. आवाज उत्तरेकडच्या जाड भिंतीच्या आतून येत होता. अपोलोनियाने तिथे कान लावला. थंडीने बोटं आखडली होती, पण भिंत कोमट लागली. धुराचा वास येत होता.

मुकादम विन्सेंटीला तिने सांगितलं. तो म्हणाला, उंदीर असतील, नाहीतर तुझं पोट रिकामं असेल. आणि तीच भिंत आधी पाडायला सांगितली.

तिचा नवरा हिएरोनिम पहार घेऊन पुढे झाला. भिंतीला भगदाड पडलं, तसा आवाज थांबला. आत माणूसभर पोकळी होती. तिला ना दार, ना झरोका. जमिनीवर विटांची एक रास होती, चुना झाडून नीट रचलेली. भोवती ताजा भुगा पडलेला.

मुकादम हसला. आयतं काम झालं म्हणाला, चढवा गाडीत.

अपोलोनियाने वरची वीट उचलली आणि उजेडाकडे धरली. विटेवर कुत्र्याच्या पिल्लाचा पंजा उमटला होता, एक बोट नसलेला. लहानपणी तिच्याच पिल्लाने बापाच्या ओल्या विटेवर पाय दिला होता. बापाने ती वीट हौसेने पावाच्या भट्टीच्या तोंडाशी बसवली होती, शेकडो कोस दूर, पूर्वेकडच्या त्यांच्या गावात. गावाला आग लागली तेव्हा म्हातारी आई उबेसाठी भट्टीवर घातलेल्या आपल्या अंथरुणावरून उतरायला तयार झाली नाही. राख निवल्यावर ती आणि हिएरोनिम परतले, तर भट्टीच्या विटासुद्धा शेजाऱ्यांनी उचलून नेल्या होत्या. आईचं काहीच सापडलं नव्हतं.

हिएरोनिमही त्याच भट्टीशेजारी जेवलेला माणूस. त्याने वीट पाहिली, ओळखली आणि हळूच पालथी केली.

"ही चढवू नकोस," ती पुटपुटली. "तुझ्या पाया पडते..."

"मुकादम बघतोय, अपोलोनिया. उद्या हेही घर काढून घेतील. वीट ती वीट."

त्याने स्वतःच्या हातांनी ती रास गाडीत चढवली. त्या हिवाळ्यात अपोलोनिया त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या वर्षी बर्फ पडायला लागल्यावर मुकादमाने त्याला मालाबरोबर राजधानीला, वॉर्साला धाडलं. तो परतला तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती. तो कोट न काढताच मेजाशी बसला. हात मेजाखाली ठेवले. सूप निवून गेलं.

"त्या विटांचं घर झालंय," तो म्हणाला. "माणसं राहायला आलीत. पहिल्यांदा खूश होती. म्हणे, जिन्याची भिंत थंडच पडत नाही, कोळसा वाचतो..."

"आणि आता?"

"एक म्हातारी जिना चढते. दारं वाजवते. उघडलं की विचारते... माझ्या घरात तुम्ही कोण?" तो म्हणाला. "आपल्या गावच्या बोलीत विचारते."

"तू पाहिलंस तिला?"

तिने त्याचे हात ओढून दिव्याखाली घेतले. दोन्ही तळवे भाजल्याच्या फोडांनी भरले होते.

पोटात साठलेला सगळा कडवटपणा तिच्या ओठांवर आला. तू चढवलंस तिला, तूच सोडलंस तिला परक्यांच्या जिन्यात, असं म्हणायला तिने तोंड उघडलं... आणि त्यांचंच दार वाजलं. हळू, दमलेल्या हाताने.

बाहेरून एका बाईने काहीतरी विचारलं. जर्मनमध्ये. या घराच्या आधीच्या माणसांची भाषा; युद्धात कानावर पडलेली, तेवढी दोघांनाही कळत होती. प्रश्न तोच होता.

हिएरोनिमने उठून दार सताड उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. पायरीपासून फाटकापर्यंत बर्फ पसरला होता. त्यावर त्याच्या स्वतःच्या पावलांखेरीज एकही खूण नव्हती. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि दाराला आतून अडसर घातला.

मग तोच प्रश्न पुन्हा आला, अगदी हलक्या आवाजात. या वेळी त्यांच्या पाठीमागून, चुलीजवळून.