पुष्पलतेचा सपक सेट

"मिस्तरी कुठे आहे?"

गांधीबागेतल्या चंपतरावांच्या रेडिओच्या दुकानात एक उंच तरुण येऊन उभा राहिला. १९७८ सालचा डिसेंबर, शनिवारची दुपार. खांद्यावर ॲम्प्लिफायर, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर भांडणाची पुरती तयारी.

"मीच," पुष्पलता म्हणाली. तिच्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं. खरा मिस्तरी तिच्याआड लपून बसला असावा असा त्याचा समज झाला होता.

"हा सेट... तुम्ही बनवला?"

"मीच. पहिलाच आहे माझा. काहून, जळला का?"

"जळला असता तं बरं झालं असतं!" त्याने ॲम्प्लिफायर टेबलावर ठेवला. "चालते. झकास चालते. खरखर नाही, गुणगुण नाही. पण... बोअर आहे."

"बोअर?"

"सपक! बिनमिठाचं वरण जसं. खोलीत तबला वाजते, पण छातीत काही होत नाही."

पुष्पलतेच्या अंगाचा तिळपापड झाला. व्हायचाच. ती विणकराची लेक. तिचे वडील मार्तंडराव मागावर बसायचे आणि ती लहानपणापासून मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची. केसासारखं बारीक सूत, पण तिच्या हातून कधी तुटलं नाही. तोच हात पाहून चंपतरावांनी तिला तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळायच्या कामावर ठेवलं. सहा वर्षं ती गुंडाळत राहिली, आणि बाकी सगळं नुसतं पाहून शिकली. शेवटी एक दिवस म्हणाली, "काकाजी, एक सेट मी बनवतो." चंपतराव मिशीत हसले होते. "बनव. गिऱ्हाईक खुश झालं तं पुढचे सेट तुझ्या हातचे, तुझ्या नावाचे. वापस आलं तं कॉइल गुंडाळत बस जन्मभर."

आणि ते गिऱ्हाईक हे असं, समोर, वापस आलेलं!

"हे पाहा," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "मी त्याच्यात माझ्या पदरचं काही घातलं नाही. रेकॉर्डवर जे आहे तेच ऐकू येते."

"मंग घालायचं ना थोडं पदरचं!" तो म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो हे कळून कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

पुष्पलतेला हसू आलं. तिने ते दाबलं, पण डोळ्यांनी दगा दिला.

"रेकॉर्डी किती आहेत तुमच्याकडे?"

"अकरा."

"रोज त्याच?"

"...त्याच."

"मंग बोअर कोण झालं, सेट का तुम्ही? घेऊन जा. आठ दिवस ऐका. पण सेटकडे टक लावून नका बसू. गाणं ऐका."

त्याचं नाव रविंद्र. मूळचा पारशिवनीचा, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा आणि धरमपेठेत एका खोलीत राहायचा. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर झाला.

"काय म्हणते सेट?"

"बासरी थोडी... उदास वाटते."

"बासरीवाला उदास असंल."

त्याच्या पुढच्या शनिवारी पेटी जरा लाजून वाजत होती म्हणे. त्याच्या पुढे सारंगीला सर्दी झाली होती. बोलता बोलता तो तारेचं रीळ हातात धरून बसायचा आणि ती कॉइल गुंडाळायची. तार त्याच्या बोटांतून निघून तिच्या बोटांत जायची, आणि मध्येच तो ती उगाच किंचित ताणायचा. ती मान वर करायची. तो छताकडे बघायचा. बाहेरच्या बाकावर तिचे वडील चहा पीत बसलेले असायचे. दर शनिवारी ते जवळच्या व्यापाऱ्याला लुगडी द्यायचे आणि लेकीसोबत घरी जायचे. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दोघं हळू बोलायचे, आणि हळू बोलायचं तर जवळ यावंच लागायचं. पुष्पलता शनिवारी निळं लुगडं नेसू लागली. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता!

चौथ्या शनिवारी चंपतराव आतल्या खोलीतून बाहेर आले.

"बस झालं, पुष्पा. चार शनिवार गिऱ्हाईक रडून राहिलं. लोकाइले दणका पाहिजे वं. तुझा सेट मी वापस घेतो. सोमवारपासून तू कॉइलच गुंडाळ."

रविंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही, नाही काकाजी! सेट चांगला आहे. मी... मी खोटं बोलून राहिलो होतो."

चंपतराव खो खो हसले. "पोरीसाठी आता खरं बोलते म्हणे!" आणि ते आत निघून गेले.

पुष्पलता रविंद्रकडे वळली.

"कधीपासून खोटं?"

"दुसऱ्या शनिवारपासून. पहिल्यांदा खरंच बोअर झालो होतो. मग तुम्ही म्हटलं तसं ऐकलं. त्याच अकरा रेकॉर्डी, पण एकीत गाणारीनं श्वास घेतलेला ऐकू आला. रात्रभर तेच आठवत राहिलं. पण तक्रार नसती तर इथं यायचं कशाले?"

"तुमची गंमत झाली. माझे सहा वर्षं होते ते!"

तो आतल्या खोलीकडे वळला. "मी पुन्हा सांगतो त्यांना—"

"काय सांगाल? वाईट म्हटलं ते माझ्यासाठी, चांगलं म्हणाल तेही माझ्यासाठी. तुमच्या शब्दाले आता किंमत नाही."

हे बोलताना तिला रडू येत होतं, रागाचं आणि दुसऱ्याही कशाचं. पण ती रडत बसणारी नव्हती. ती आत गेली आणि चंपतरावांकडून आणखी एक शनिवार मागून आली. दुकानातलं चंपतरावांच्या हातचं दणकेबाज खोकं आणि तिचा सेट शेजारी शेजारी लावायचे. गाणं नको, गाणं कशावरही गोड लागतं. मागाचा आवाज लावायचा.

"तुमच्या मित्राकडे स्पूलचा टेप-रेकॉर्डर आहे म्हणत होते ना तुम्ही?" तिने रविंद्रला फर्मावलं. "उद्या घरी घेऊन या. बाबा नसतील, पण धोंडबाकाका दुपारी मागावर असतात."

बिचारा आला. धोंडबा म्हणजे मार्तंडरावांचा धाकटा भाऊ. टेप समोर दिसताच तो फोटोला बसल्यासारखा ताठ झाला. त्याची नजर सगळा वेळ फिरत्या चकत्यांवर होती. कोपऱ्यात मांडी मोडून, माईक धरून, रविंद्र तासभर हलला नाही. पुष्पलतेने त्याला पाणी दिलं, ते तोंड फिरवूनच.

शनिवार उजाडला. मार्तंडराव लुगडी देऊन बाहेर बाकावर उन्हात बसले आणि त्यांना डुलकी लागली. आत चंपतरावांनी आधी आपलं खोकं लावलं. धडाम, धडाम! काचा थरथरल्या. बाकावरचा म्हातारा हलला नाही.

मग पुष्पलतेचा सेट. खट्... खटक्... खट्.

चंपतराव मिनिटभर ऐकत राहिले. "खटखट आहे बाप्पा. तिकडेही खटखट, इकडेही खटखट. याच्यात काय—"

"पुष्पे!"

बाहेरून आरोळी आली. मार्तंडराव झोपेतून ताडकन उठले होते.

"पुष्पे! कांडी सरली वं! धोंडबा रिकामाच धोटा फेकून राहिला, दुसरी दे त्याले!"

ते तरातरा आत आले आणि माग शोधू लागले. टेबल, रेडिओ, आ वासलेले चंपतराव. माग कुठे?

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या दुपारी टेपकडे बघता बघता धोंडबाची कांडी संपली होती आणि सूत नसलेला धोटा चार-पाच खेपा तसाच इकडून तिकडे गेला होता; तेवढ्यापुरता आवाज किंचित पोकळ झाला होता.

चंपतरावांनी घाईघाईने टेप उलटा फिरवला. पुन्हा आपलं खोकं.

"ओळखा, मार्तंडराव."

"कोणी दार ठोकून राहिलं."

पुन्हा पुष्पलतेचा सेट. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"धोंडबा. डावा हात जड आहे त्याचा... हे पाहा, इथं कांडी सरली." डोळे उघडून त्यांनी त्या सेटच्या लाकडी खोक्यावर हात ठेवला. "पन्नास वर्षं मागात बसून ऐकलं. बाहेर बसून आज ऐकलं. कोणी बनवलं हे?"

"मी, बाबा."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. गळ्यातल्या उपरण्याने नाक पुसलं.

चंपतराव खुर्चीत बसले. "हरलो गा! पुष्पा, पुढचे सगळे सेट तुझे. नाव टाक त्याच्यावर, ठळक टाक!"

पुष्पलतेला वाटलं, छप्पर उडून आपण सरळ आभाळात जाणार. आणि त्याच क्षणी तिला दिसलं, दाराशी रविंद्र उभा होता, आणि तिच्यापेक्षा जास्त आनंद त्याला झाला होता. डोळे भरलेले, ओठ हसरे. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"आता तरी तक्रार आहे का?" तिने विचारलं.

"नाही." तो अडखळला. "म्हणजे... आता यायले कारणच उरलं नाही. पण... मले यायचं आहे. रोज."

हळू बोलायची आता तिला गरज वाटली नाही.

"बाबा," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हा माणूस मले पसंत आहे. खोटं बोलला, पण तोंडावर कबूल झाला. तुम्ही पाहून घ्या."

मार्तंडरावांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"काहून गा, तुले पोरगी पसंत आहे का?"

"आहे, बाबाजी. पहिल्या दिवसापासून."

"मंग उद्या माय-बापाले घेऊन घरी ये."

रविंद्र नुसता मान डोलावत राहिला. तेव्हा पुष्पलताच पुढे झाली. गांधीबागेच्या भर बाजारात, बापासमोर, मालकासमोर, तिने त्याचा हात धरला, आणि सोडला नाही.