आत्याचं शेवटचं वर्ष

तेराव्याच्या जेवणाआधी गेलेल्या माणसाची आठवण घरातल्या कोणीतरी डोक्यात रुजवून घ्यायची, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली होती की विधीची वेळ ठरवताना गुरुजीच विचारत, "रोपण किती वाजता आहे?"

इंदूआत्याची आठवण विनयानं घ्यायची, यात वाद नव्हता. आई गेल्यावर तिला आत्यानंच वाढवलं. आत्याचा मुलगा श्रीरंग मात्र अजब वल्ली. आठ दिवसांसाठी म्हणून त्यानं आईला वृद्धाश्रमात ठेवलं आणि वर्ष उलटलं तरी तिकडे फिरकला नाही. विनयाच्या दोन खोल्यांत सासू-सासरेच कसेबसे मावत होते, म्हणून ती दर रविवारी डबा घेऊन जायची. आत्या तिथेच गेली. दहाव्याला श्रीरंग आला, घाटावर चार लोकांदेखत ढसाढसा रडला, आणि विनयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रोपण केंद्रातल्या डॉक्टर उपळेकरांना तिनं पहिला प्रश्न विचारला तो सगळेच विचारतात. "अख्खं आयुष्य का नाही घेता येत?"

"आठवण म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या आपसातल्या जोडण्या," डॉक्टर म्हणाल्या. "जपून ठेवलेल्या मेंदूतून त्या वाचतानाच तो मेंदू नष्ट होतो. त्यामुळे एकदाच, आणि एकालाच. जिवंत डोक्याला भार पेलतो तो फार तर एका वर्षाचा. बाकीचं कायमचं जातं. कोणतं वर्ष हवंय तुम्हाला?"

"मी तिच्याकडे आले ते. तीन वर्षांची होते. तिला मी कशी दिसले, ते बघायचंय. पण ही आठवण दुसऱ्याची आहे, हे कळतं ना?"

"बुद्धीला कळतं. मनाला नाही. आठवणीवर नाव लिहिलेलं नसतं हो. त्यातली भूक, भीती, माया, सगळं आपलंच वाटतं."

घरी पोचेपर्यंत विनयाचं ठरलं होतं.

"दादा, आत्याची आठवण तू घे," ती सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली. "पोटचा मुलगा आहेस."

श्रीरंग सुखावला. मग नेहमीसारखा म्हणाला, "वर्ष कोणतं ते तूच सांग गं त्यांना. आईचं सगळं तूच तर बघत आलीस. मला काय कळतंय त्यातलं!" आईचं औषध, आईचा डोळा, आईचं मोडलेलं मनगट, सगळं त्यानं असंच विनयावर सोपवलं होतं. हेही सोपवलं.

"शेवटचं वर्ष," तिनं डॉक्टरांना सांगितलं.

"ते कोणी घेत नाही. आणि तुमचं वर्ष जाईल."

"जाऊ दे." ती रडत होती, पण आवाज हलला नाही. "त्याला बसू दे स्वतःची वाट बघत."

आणि तो बसला. पावसाळा संपेतो श्रीरंगनं कामावर जाणं सोडलं. दाराकडे तोंड करून खुर्ची टाकली. जिन्यात पाऊल वाजलं की अर्धवट उठायचा. त्याच्या बायकोला डॉक्टरांनी समजावलं की आठवण जितकी उगाळावी तितक्या जोडण्या घट्ट होतात, आणि एरवी माणूस आला की वाट बघणं संपतं. इथे ज्यानं यायचं तोच खुर्चीत बसलेला, मग संपायचं कसं? हे विनयाच्या कानावर आलं त्या दिवशी तिनं घरात साजूक तुपातला शिरा केला. कसला म्हणून विचारलं तर सांगेना.

मग राहवेना, म्हणून डोळ्यांनी बघायला गेली. दार वाजताच तो धडपडत उठला. तिला बघून पुन्हा बसला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. विनयाला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

एवढ्यावर निघाली असती तर जिंकली असती. पण तिला अजून थोडं हवं होतं. आत्याचं म्हणून जे काही उरलं होतं, ते या माणसाच्या डोक्यात होतं.

"दादा, मी यायचे ते आठवतं?"

"आठवतं की. दर रविवारी."

"काय वाटायचं रे तेव्हा?"

श्रीरंगनं खरंच आठवून बघितलं. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. "दार वाजलं की वाटायचं, आला. छाती धडधडायची. आणि दारात तू. हातात तो डबा. डबा दिसला की कळायचं, आजही तो नाही. मग तू बोलत बसायचीस, आणि मला वाटायचं, कधी उठते ही." तो जरा ओशाळला. "पुढे पुढे तुझा रागच यायला लागला."

आत्यानं तिला कडेवर घेतलं होतं, ताप आला तेव्हा उशाशी बसली होती, हे विनयाला ओरडून सांगायचं होतं. पण आत्याच्या बाजूनं याची साक्ष द्यायला आता कोणी नव्हतं. ती सगळी वर्षं विनयानंच जाऊ दिली होती.

जिन्यात कोणाचं तरी पाऊल वाजलं. श्रीरंगनं मान उंचावून तिच्या खांद्यापलीकडे पाहिलं. पाऊल वरच्या मजल्यावर निघून गेलं.

"तू जा आता," तो म्हणाला. "तू आलीस की तो येत नाही."