सात तास दहा मिनिटं

कॅन्टीनमध्ये जागा नव्हती, म्हणून ती त्याच्या समोर बसली. एरवी बसली नसती. हातात शंभरेक फॉर्म होते आणि सरांनी दोन दिवसांची मुदत दिली होती. विद्यार्थी दिवसातून किती वेळ सोशल मीडियावर असतात आणि त्याचा मार्कांवर काय परिणाम होतो, हा तिचा संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. सगळे साळसूदपणे दीड-दोन तास लिहून मोकळे होत होते. त्याने मात्र फोन उघडून पाहिलं आणि लिहिलं – सात तास दहा मिनिटं.

"खरंच एवढे?" तिने विचारलं.

"खोटं लिहायचं होतं का? मग तसं आधी सांगायचं ना."

ती हसली. तो रसायनशास्त्राचा, आधीच दोन विषय मागे राहिलेला. जाताना त्याने तिचा नंबर मागितला, चुकलं तर फॉर्म दुरुस्त करायला हवा, म्हणून… तिनेही मुकाट्याने दिला.

त्या दिवसापासून तो तिला आकडेबाई म्हणू लागला. सकाळी डोळे उघडायच्या आत त्याचा मेसेज आलेला असे. लेक्चरला पुस्तकाआड फोन, जेवताना ताटाशेजारी फोन. ताई म्हणायची, अगं, घास तरी बघून खा. तो काहीबाही पाठवायचा, माकडाचा व्हिडिओ, नाहीतर स्वतःचा अर्धा चेहरा, आणि ती दिवसभर गालातल्या गालात हसत राहायची. आवडतेस असं मात्र तो कधी म्हणाला नाही. तीही नाही.

प्रकल्प पुरा झाला तेव्हा निष्कर्ष तिने सरांच्याही आधी त्याला वाचून दाखवला. पाच तासांच्या वर गेलेल्यांचे मार्क इतरांपेक्षा सरासरी अकराने कमी होते. त्याने तिचे कागद नीट जुळवून तिच्या हातात दिले आणि तो निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याचं अकाउंट बंद होतं. फोनही लागेना.

परीक्षेला चाळीस दिवस उरले होते. ती पुस्तक उघडायची आणि फोन हातात घ्यायची. आपलं काय चुकलं? जुने मेसेज पहिल्यापासून वाचून झाले. त्याच्या मित्रांचे फोटो मोठे करून कडेकोपऱ्यात तो दिसतोय का, हेही बघून झालं. संभाव्यता हा विषय ती इतरांना शिकवायची. त्याच पेपरला ती तीनपैकी दोन तास कोऱ्या पानाकडे बघत बसली.

निकालाच्या दिवशी तो तिला शोधत आला. बारीक झाला होता, पण चेहरा उजळलेला. पहिला वर्ग मिळाला होता.

"तुझ्या आकड्यांनी वाचवलं मला. मामाकडे जाऊन राहिलो, फोन मामीच्या कपाटात. तुला सांगायला आलो असतो ना, तर परत बोलतच बसलो असतो…" तो थांबला. "रोज ठरवायचो, पास झालो की पहिल्यांदा तुला सांगायचं. तू मला आवडतेस. फार."

हेच वाक्य ऐकायला तिने वर्ष काढलं होतं.

"मी नापास झाले," ती म्हणाली. "चार मार्कांनी."

"पण तू… तुझा तर…"

"तुला शोधत होते. जातोय, एवढं एक वाक्य टाकून गेला असतास तर मी अभ्यास केला असता."

"मला वाटलं, तुला कळेल."

"कसं कळेल?"

तो हळूच म्हणाला, परत परीक्षा देता येते, मी अभ्यासाला सोबत बसतो, आणि पुन्हा फोनच घेणार नाही. तो खरं बोलत होता, हे तिला कळत होतं. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

फेरपरीक्षेच्या फॉर्मसाठी खिडकीशी रांग लागली होती. ती तिकडे वळली.

"मी थांबू?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "थांबणं काय असतं, ते मला माहीत आहे. तुला नाही जमायचं."

तरी तो थोडा वेळ उभा राहिला. तिने मागे वळून पाहिलं नाही. खिडकीतल्या बाईंनी कोणता विषय म्हणून विचारलं, तेव्हा तिला दोनदा सांगावं लागलं. संभाव्यता.