गॅस गेलेली बाटली

"गॅस गेलेली बिअर आहे का हो तुमच्याकडे?"

बिअरच्या छोट्याशा कारखान्याच्या काउंटरवर तिनं हे विचारलं आणि समोरच्याच्या हातातली बाटली सुटता सुटता राहिली. आता तुम्हीच सांगा, बेकरीवाल्याकडे जाऊन कुणी शिळा पाव मागतं का?

"इथं ताजीच मिळते," तो नाक फुगवून म्हणाला. "मी स्वतः बनवतो."

तिला हसू आवरेना. हसत हसतच तिनं सगळं सांगून टाकलं. कोपऱ्यावर तिचं आणि आत्याचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. बिअर उघडून ठेवायची, गॅस गेला की मंद आचेवर आटवायची, गार करून साध्या शाम्पूत मिसळायची, वर लॅव्हेंडरचे चार थेंब... केस असे चमकतात म्हणता! काल मात्र घाईत ताजी ओतली आणि फेस भांड्यातून ओट्यावर, ओट्यावरून थेट आत्याच्या चपलांत.

"म्हणजे माझी बिअर... डोक्याला?"

"डोक्यावर घेतेय, पायदळी तर नाही ना तुडवत!"

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

त्यानंतर ती केव्हाही गेली – कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी – तोंडाला कागद बांधलेली एक उघडी बाटली काउंटरवर तयारच असायची. ती बाटली घ्यायची, तो उगाच काउंटर पुसायचा. बोलणं जेमतेम, बघणंच जास्त.

"अगं, पूर्वी एक बाटली महिनाभर पुरायची," आत्या म्हणाली. "हल्ली गिऱ्हाइकांची डोकी मोठी झाली की काय?"

ती कानापर्यंत लाल झाली.

मग एका दुपारी, बाहेर पाऊस भुरभुरत असताना तो म्हणाला, "लांबच्या एका मोठ्या कारखान्यानं बोलावलंय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"छान की," ती म्हणाली. जाऊ नका म्हणायचा आपल्याला काय हक्क? तिनं बाटली उचलली. तेवढ्यात त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! केसांचं काय करून घेतलंत हे?"

केस चमकत होते, पण खराट्यासारखे ताठ!

"तुम्ही कुठल्या दिवशी याल ते... ठाऊक नसायचं," तो काउंटरकडे बघत म्हणाला. "म्हणून रोज एक उघडून ठेवायचो. तुम्ही आला नाहीत, की फेकवत नव्हती. मग... मीच डोकं धुवायचो."

"रोज?"

"रोज."

तिला हसूही आलं आणि रडूही. "चला पार्लरमध्ये," ती म्हणाली. "अशा डोक्यानं मी तुम्हाला कुठेही जाऊ देणार नाही."

आत्या घरी जेवायला गेली होती. तो खुर्चीत मागे रेलला, मान बेसिनच्या कडेवर. तिनं कोमट पाणी सोडलं, आपल्या हातचा शाम्पू लावला. लॅव्हेंडरचा वास हळूहळू दाटत गेला. खिडकीच्या काचेवरून थेंब ओघळत होते, आणि तिची बोटं त्याच्या केसांतून फिरत होती... सावकाश, जरुरीपेक्षा फारच सावकाश. त्याचे डोळे मिटलेले. मिटलेल्या डोळ्यांसमोर बोलायला धीर येतो.

"आता रोज बाटली उघडून वाया घालवू नका," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "बरं."

"वाया नाही जाणार म्हणतेय मी. कारण... मी रोज येणार आहे."

पाणी वाहत राहिलं. त्यानं डोळे उघडले. फेस डोळ्यांत गेला तरी मिटले नाहीत.

"रोज? कधीपर्यंत?"

"तुम्ही काउंटरवर असाल तोपर्यंत."

"मग तिथला माझा फोन जरा द्या," ओला हात पुढे करत तो म्हणाला. "संध्याकाळची वाट कशाला बघायची? नाही म्हणून आत्ताच कळवतो."

तिनं फोन दिला, पण त्यानं धरलेला हात काही सोडवून घेतला नाही.