सुटलो म्हणायचं राहिलं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी कोणाला पटवत बसणार नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. भर दुपारची आहे. रविवारची दुपार, बाजारातल्या एका जुन्या इमारतीचं तळघर, आणि त्यात उभी असलेली एक छोटी लाल गाडी.

घडलं ते माझ्या आईसमोर. ती सांगते तसंच मी सांगते, पदरचं काही घालत नाही.

आईला एकच भाऊ. माझा मामा. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम. समोरच्याचा चष्मा जरा वाकडा दिसला की बोलता बोलता त्याचा हात पुढे यायचा आणि चष्मा सरळ व्हायचा. ओळख असो वा नसो. त्याच्या स्वतःच्या चष्म्याच्या काचा चांगल्या जाड होत्या. तो काढला की त्याला समोरची भिंतसुद्धा अंदाजानंच कळायची.

मामानं लग्न केलं नाही. गाड्या केल्या, असं आई म्हणायची.

सगळ्या छोट्या. सगळ्या चपळ. मोठ्या गाडीकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. "मोठ्या गाडीत माणूस बसतो," तो म्हणायचा, "छोटी गाडी माणूस अंगात घालतो."

आधी लाल आली. मग पांढरी, जिच्या टपावर त्यानं स्वतः काळा पट्टा रंगवला होता आणि तो शेवटपर्यंत तिरकाच राहिला. मग पिवळी. तिचं नाव लिंबू. लिंबूच्या खिडकीचं हँडल हातात यायचं, म्हणून ते कायम आईच्या पर्समध्ये असायचं. आणि शेवटची निळी. डोंगराच्या चढावर तो तिला दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचा, मागचा पाइप फटफट वाजायचा आणि मामा लहान पोरासारखा हसायचा.

पण जीव होता तो लाल गाडीवर.

लाल गाडीला दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. आणि एकदा पुढची सीट मागे बसली, खटका लागला, की मागचा माणूस अडकला. मागच्या काचा उघडायच्या नाहीत. पुढच्यानं उतरून, खटका ओढून सीट वाकवली तरच सुटका.

मागे कायम आई. अंगानं एवढीशी, म्हणून मामा तिला 'चिमटी' म्हणायचा. ते नाव दुसरं कोणीही घेत नसे.

दोघांचा एक खेळ होता. उतरायची वेळ झाली की आईनं सीटच्या पाठीवर वाजवायचं. टकटक.

मामा विचारायचा, "कोण?"

"मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"दादा, पाय आखडले. सोडव ना."

मग तो ज्या सीटवर टकटक झाली ती सीट वाकवायचा. आणि बाहेर आलेल्यानं म्हणायचं, "सुटले बाई." मागे कधी दुसरं कोणी बसलं तरी त्यालाही हे म्हणावं लागे. म्हटल्याशिवाय प्रवास संपला असं धरायचं नाही, हा मामाचा नियम. एकदा आजोबा मागे बसले आणि फुरंगटून काही बोलेनात. मामानं त्यांना पुन्हा आत बसवून चौकाला वळसा मारून आणलं होतं.

असा तो माणूस.

निळी गाडी विकल्यावर मामा वर्षभर पायी फिरला. साठी उलटली होती. पण मनातून ती कधीच विकलेली लाल गाडी जाईना. आणि एक दिवस त्याचा आईला फोन आला.

"चिमटे, सापडली. आपलीच आहे ती."

"कशावरून?"

"तू चल तर खरी."

गाडीचा मालक शिंपी होता. त्याच इमारतीत वर त्याचं दुकान. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच ठेवून तो चावी द्यायला तळघरात आला. जाता जाता म्हणाला, "चालवून बघा, पण मागे बसू नका. सीट अडकते."

"किती दिवसांपासून?" मामानं विचारलं.

शिंपी टेपशी चाळा करत जिना चढून गेला.

मामानं डावं दार उघडलं, सीटच्या पाठीवर बोट ठेवलं आणि आईला बोलावलं. रेक्झिनवर एक खळगा होता. आईच्या टकटकीनं पडलेला.

आईला भरून आलं. तेवढ्या वर्षांत गाडी किती हातांतून फिरली असेल, आणि तिची खूण अजून तिथेच.

"आज उलटं करू," मामा म्हणाला. "जन्मभर तू मागे बसलीस. आज तू चालव. मागून जग कसं दिसतं ते मला बघू दे."

"अरे, तो नको म्हणालाय."

"अडकलो तर सोडवशील ना?"

तो डावीकडून आत शिरला. गुडघे छातीशी घेऊन डाव्या सीटच्या मागे बसला. आईनं सीट मागे ढकलली.

खट्.

आई उजवीकडून स्टिअरिंगवर बसली. पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली. इंजिनचा आवाजही तोच, जरासा खाकरल्यासारखा.

तळघरात खांब होते, मधून मधून एखादा दिवा. एक फेरी मारायची होती, बस्स. मामाची टकळी चालू होती. "क्लच हळू. ए, माझ्या गाडीला खांब दाखवू नकोस. किती अरुंद आहे गं इथे... तू कशी बसायचीस? आणि इथे पायाशी काहीतरी..."

तो थांबला.

वाक्य अर्धंच राहिलं.

"काय रे? पायाशी काय?"



आईनं आरशात बघितलं. आरसा वर वळलेला. त्यात नुसता टप दिसत होता.

मग तिच्या पाठीला काहीतरी टेकलं... गुडघे. सीटच्या मागून कोणीतरी गुडघे रोवले होते.

"दादा, गुडघे काढ. टोचतायत."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

मामा डाव्या सीटच्या मागे होता.

सरकला असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. एवढीशी तर गाडी. पण सरकताना गाडीला जराही हिसका बसला नव्हता. आणि मागून श्वासाचाही आवाज येत नव्हता.

तिनं गाडी जागेवर आणली, इंजिन बंद केलं.



आणि मग... टकटक.

तिच्याच सीटच्या पाठीवर.

आईचा जीव भांड्यात पडला. थट्टा चालली होती तर. ती हसत उतरली, आणि 'कोण?' न विचारता, आयुष्यभराच्या सवयीनं, टकटक झालेल्या सीटचा खटका ओढला.

मामा बाहेर आला.

डावीकडून चढलेला माणूस उजवीकडून उतरला.

त्यानं अंग झटकलं नाही, पाय मोकळे केले नाहीत. नुसता उभा राहिला.

"म्हण की," आई म्हणाली.

"काय?"

"सुटलो म्हण."

तो तिच्याकडे बघत राहिला. कुठलीशी परकी भाषा ऐकावी तसा.

आईनं वाकून आत बघितलं. मागे अंधार, रिकामी सीट. तिनं दार लावलं. लावता लावता आतून पुन्हा काहीतरी वाजल्यासारखं झालं. डावीकडून. बारीक. इंजिन गार होताना पत्रा वाजतो, तसं असेल, असं तिला वाटलं.

"घ्यायची ना रे गाडी?"

"नको," मामा म्हणाला. "ती इथेच राहू दे."

घरी येताना टॅक्सीत तो मागे बसला. त्या दुपारपर्यंत कधी मागे न बसलेला माणूस. आईचा चष्मा गाडीत वाकून बघताना पार वाकडा झाला होता. ती मुद्दाम त्याच्याकडे तोंड करून बसली.

त्याचा हात पुढे आला नाही.

आणि त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"दादा, तुझा चष्मा कुठंय?"

"दिसतंय की मला."

मग त्यानं रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली. अगदी खालची बारीक अक्षरंसुद्धा.

पुढचे काही दिवस मामा रोज यायचा, चहा प्यायचा, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचा. चूक काढायला जागा नव्हती. पण 'चिमटे' अशी हाक नाही. काचा घासायचं काम त्यानं बंद केलं, का म्हणून सांगितलं नाही. मी आईला म्हणाले, वय झालं त्याचं, विसरतो माणूस.

"विसरलेला माणूस आठवायचा प्रयत्न करतो गं," आई म्हणाली. "हा करतच नाही."

शेवटी एका दुपारी औषधांच्या दुकानातली नोकरी अर्धा दिवस टाकून ती एकटी त्या तळघरात गेली.

गाडी तशीच उभी होती. काचांवर धूळ.

आई जवळ गेली. कान काचेला लावला.

काहीच नाही.

ती मागे वळणार तेवढ्यात...

टकटक.

डाव्या सीटवर. खळगा होता तिथे.

या वेळी आई चुकली नाही. तिनं विचारलं, "कोण?"

"मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

आतून आवाज आला. दमलेला, खोल गेलेला.

"चिमटे... पाय आखडले गं. सोडव ना."

तिनं दार उघडलं. दोन्ही हातांनी खटका ओढला. सीट हलेना. तिनं पाय लावून ओढला, रडत ओढला. खटका तुटून हातात आला. आत कोणी दिसत नव्हतं. पण सीटच्या पाठीचं रेक्झिन मागून ढकलल्यासारखं फुगत होतं, बसत होतं, पुन्हा फुगत होतं.

तिच्या आरडाओरड्यानं शिंपी धावत आला. त्यानं शेजारच्या गॅरेजमधला मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकनं पान्यानं काहीतरी सैल केलं आणि एका हातानं सीट वाकवली.

मागे कोणी नव्हतं.

"बाई, कोण अडकलं होतं?" त्यानं विचारलं. मग वाकून पायाशी पडलेलं काहीतरी उचललं आणि आईच्या हातात दिलं.

जाड काचांचा चष्मा.

आई तिथे किती वेळ बसून राहिली, तिलाच ठाऊक नाही. ती एकाच शब्दाची वाट बघत होती. 'सुटलो.' तो शब्द काही आला नाही.

"आधीही कोणी मागे बसलं होतं का?" तिनं शिंप्याला विचारलं.

"माझा भाऊ बसला होता," शिंपी म्हणाला. "तो घरीच असतो. बरा आहे." मग खाली मान घालून म्हणाला, "बरा आहे, असं सगळे म्हणतात."

आईनं ती गाडी घरी आणली. मागेल ती किंमत देऊन. मी वेड्यात काढलं, शेजाऱ्यांनी काढलं. तिनं कोणाचं ऐकलं नाही.

आता लाल गाडी आमच्या दारात उभी असते. खटका नवा बसवलाय. डावं दार उघडं, सीट पुढे वाकवलेली, आणि सीटवर पुसून ठेवलेला चष्मा. ऊन असो, वारा असो, आई स्वयंपाकघरातून एक कान तिकडे लावून असते. पुन्हा टकटक ऐकू आली नाही. पण वाट मोकळी असली की माणूस कधी तरी येईल, असं तिला वाटतं.

मामा अजून रोज संध्याकाळी येतो. चहा पितो. जातो.

आणि तो गेला की रोज... गाडीचं दार लावलेलं असतं. सीट मागे बसलेली असते. खटका लागलेला असतो.

आई मुकाट्यानं जाते आणि सीट पुन्हा वाकवते.

काल मी धीर करून मामाला विचारलंच. "मामा, ती सीट तू का लावतोस रे?"

तो माझ्याकडे बघून हसला. अगदी मामासारखा.

"उघडी बरी नाही," तो म्हणाला. "कोणी बाहेर आलं, तर मला पुन्हा आत बसावं लागेल ना?"