आभाळ अडवणारं

आधीच सांगतो, हे खरं आहे. पटत नसेल तर पुढे वाचू नका, माझं काही अडलेलं नाही.

पांढरी साडी, उलटे पाय, छुमछुम पैंजण... असलं यात काही मिळणार नाही. रात्रसुद्धा नाही. भर दुपार होती आणि जागा म्हणजे बंद पडलेल्या विमानतळाची धावपट्टी. नजर जाईल तिथपर्यंत झाड नाही, भिंत नाही, विजेचा खांब नाही.

लपायला जागाच नाही.

घडलं ते माझ्या मोठ्या वहिनींच्या बाबतीत. वहिनी सर्वेक्षणाचं काम करतात. तिवईवर रिसीव्हर बसवायचा, तो एका जागी तासन्‌तास उपग्रहांचे सिग्नल पकडत राहतो. असे दोन-तीन रिसीव्हर वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी ठेवायचे, मग सगळ्यांच्या नोंदी संगणकावर एकत्र सोडवून बिंदूंचं जाळं जुळवायचं. बोटाच्या पेराइतकी अचूक जागा मिळते. अट एकच, वर आभाळ उघडं हवं. अगदी खेटून माणूस उभा राहिला तरी त्या बाजूचे उपग्रह झाकले जातात.

आणि वहिनींचा स्वभाव? जिभेला हाड नाही. भूतखेत म्हटलं की नाक मुरडणार. "मेलेल्यांना दुसरे उद्योग नाहीत का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तर त्या वेळी एक रिसीव्हर ऑफिसच्या गच्चीवर होता, एक टेकडीवर वहिनींजवळ, आणि धावपट्टीवरच्या रिसीव्हरपाशी राखणीला ड्रायव्हरकाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी नोंदी उघडल्या आणि काकांना हाक मारली.

"काका, हे काय?"

स्क्रीनवर प्रत्येक उपग्रहाची एकेक हिरवी रेघ. एका मागोमाग एक, रेघा तुटलेल्या.

"रिसीव्हरला टेकून विड्या ओढत होतात की काय?"

"नाही मॅडम. मी गाडीतच होतो."

"मग कोण होतं? तुमचे आजोबा?"

काका हळूच म्हणाले, "तिथे खडी वाजत होती, मॅडम. कुणी चालल्यासारखी. बघितलं तर... कुणी नव्हतं. मी काचा वर केल्या आणि डोळे मिटून पडलो."

"झोपलो म्हणा की सरळ!"

तेवढ्यात साहेब चहाचा कप घेऊन केबिनमधून बाहेर आले. रिसीव्हर चालू करायचं बटण कुठे असतं हे विचारलं तर ज्यांना घाम फुटेल, असे आमच्या वहिनींचे साहेब.

"मॅडम, धावपट्टीचा बिंदू बसला नाही तर अख्ख्या जाळ्याची वाट लागेल. जमत नसेल तर सांगा. दुसरा माणूस बघू."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"न जमायला काय झालं? आज मी स्वतः बसते."

गच्चीवर आणि टेकडीवर माणसं पाठवून वहिनी निघाल्या. काकांनी गाडी फाटकापाशीच थांबवली. पुढे यायला तयार होईनात.

"बरं, इथेच बसा," वहिनी म्हणाल्या. "दारं आतून लावून घ्या. मुंग्यांनी उचलून नेलं तर साहेबांना उत्तर मला द्यावं लागेल."

सामान खांद्यावर टाकून त्या एकट्याच आत गेल्या.

धावपट्टीच्या टोकाला काँक्रीटमध्ये बिंदूच्या खुणेचा पितळी खिळा होता. त्यावर तिवई उभी केली. पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणला. फितीने उंची मोजली, खात्रीसाठी पुन्हा मोजली, हँडसेटमध्ये भरली. बिंदूचं नाव टाकलं. किती सेकंदांनी नोंद घ्यायची, क्षितिजालगतचे कुठले उपग्रह सोडून द्यायचे, सगळं नीट लावलं आणि नोंदणी सुरू केली.

हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

वहिनी चांगल्या लांब जाऊन, छत्री उघडून घडीच्या स्टुलावर बसल्या. हातात हँडसेट. त्यावर आभाळाचं गोल चित्र आणि त्यात उपग्रहांचे ठिपके.

वारा पडलेला. एक पक्षी नाही. कुठे किडा किरकिरत नाही.

आणि मग... खडी वाजली.

वहिनींनी मान वर केली. कुणी नाही.

"उन्हाने तडकते," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

टूं...

हँडसेट वाजला. उत्तरेचा एक ठिपका गेला.

टूं... त्याच्या शेजारचा गेला.

तिवई एकटीच उभी होती. खाली तिची बारीक, तीन पायांची सावली.

दुसरी सावली नव्हती.

ठिपक्यांमधली ती रिकामी फट सरकायला लागली. उत्तरेकडून पूर्वेला. पूर्वेकडून दक्षिणेला. मागचे उपग्रह परत येत होते, पुढचे जात होते.

कुणीतरी रिसीव्हरभोवती फेरी मारत होतं.

सावकाश... निवांत.

फेरी थांबली. आणि चित्राच्या मधले, म्हणजे थेट डोक्यावरचे ठिपके विझायला लागले.

शेजारी माणूस उभा राहिला तर कडेचे उपग्रह झाकले जातात. डोक्यावरचे नाही. ते झाकायचे तर रिसीव्हरवर ओणवं व्हावं लागतं.

आणि तिवईवरचा रिसीव्हर माणसाच्या डोक्याला लागेल इतक्या उंचीवर होता.

भीती वाटली की वहिनींना राग येतो. त्या ताडकन उठल्या.

"ए! सरक बाजूला! एक तर कामाची खोटी करतोस, वर वाकून बघतोस? कळतंय का त्यातलं काही?"

मग... टूं. टूं. टूं.

सगळे ठिपके परत आले.

वहिनी विजयाने खाली बसणार, तेवढ्यात पुन्हा खडी वाजली. करकर... करकर... आता त्यांच्याच दिशेने. छत्रीच्या बाजूने पुढे गेली, वळली...

आणि वहिनींच्या पाठीमागे येऊन थांबली.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पळाल्याही नाहीत. नोंदणी अर्धवट सोडली असती तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मान ताठ धरून, वेळ पुरी होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

फाटकापाशी काकांनी काच थोडी खाली केली.

"मॅडम... एकट्याच ना?"

"नाही, वरात आणलीय! दार उघडा."

सुरुवातीची ती फट सोडली तर त्या नोंदी आरशासारख्या स्वच्छ निघाल्या. जाळं जुळलं. "बघा, माझ्यासारखा तगादा लावणारा हवा," असं म्हणून साहेबांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. धावपट्टीचा विषय संपला.

पण पुढचं काम दुसऱ्याच गावी होतं. उघडं माळरान. त्या नोंदींमध्ये फट.

त्यानंतर एका धरणाच्या भिंतीवर. फट.

दुसरं कुणी रिसीव्हरपाशी बसलं तर काही नाही. वहिनी बसल्या तरच. आणि फट नेहमी ज्या बाजूला वहिनी बसलेल्या असतात त्याच बाजूला. रिसीव्हर आणि त्या, यांच्या मधोमध.

शेवटी एकदा त्यांनी काकांना विचारलंच. "तुमच्या मागे कसं नाही लागलं हो ते?"

"मी त्याच्याशी बोललो नाही, मॅडम."

"तुमच्याशी बोलून त्याला तरी काय मिळणार होतं म्हणा," वहिनी म्हणाल्या. पण त्या दिवशी डबा तसाच परत आला, असं दादा सांगत होता.

नोकरी त्यांनी सोडलेली नाही. संगणकावर बसून तेवढा तुटका भाग कापून टाकतात आणि उरलेल्यावर हिशेब जुळवतात. "भूत असो की भुताचा बाप, माझं जाळं जुळलं पाहिजे."

परवा त्या आमच्याकडे आल्या होत्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "भाऊजी, गेल्या महिन्यापासून फटी दोन येतायत."

मी हसलो. "जोडीदार मिळाला वाटतं त्याला."

एरवी असल्या वाक्यावर त्या आणखी एक चढवतात. परवा नाही.

"दुसरी फट नुसती कडेची आहे. वरचे उपग्रह शाबूत असतात."

मला समजायला जरा वेळ लागला. म्हणजे हे दुसरं जे कोण आहे ते वाकत नाही. नुसतं उभं असतं.

आणि माणसाएवढंच आहे.

"कोण असेल, वहिनी?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ते नाही विचारलं मी. एकदा बोलून बसले, तेवढं पुरे."

उद्या त्या पुन्हा साइटवर निघाल्यात. दादा म्हणतोय, सुट्टीच आहे तर मीही जातो सोबत. तो तिथे तोंड उघडल्याशिवाय राहायचा नाही.

जाऊ नको म्हणायला माझ्याकडे कारण नाही...

आणि गप्पही बसवत नाही.