चौदा नंबरची झडप

ही घटना खरी आहे.

असं म्हटलं की लोक हसतात, हे मला माहीत आहे. तरी लिहिते. आईला जाऊन आज तेवीस दिवस झाले. आता हे सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. ह्या गोष्टीत रात्र नाही. जे झालं ते दर वेळी भर दुपारी झालं. बरोबर बारा वाजता.

पहिला दिवस, २२ जानेवारी १९४५. सोमवार. बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं.

आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. हेडविग परबांट. सगळे तिला हेडी म्हणत. तिची थोरली बहीण ओटिली, म्हणजे टिली, बावीसची. ही माझी मावशी. मी तिला कधी पाहिलं नाही. फक्त एकदा ऐकलं. ते पुढे सांगते.

दोघी पूर्व प्रशियात जर्मन हवाई दलाच्या एका कमांडच्या टेलिफोन केंद्रावर होत्या. बाहीवर विजेचं चिन्ह, म्हणून गावातले लोक त्यांना 'विजेच्या पोरी' म्हणत. ग्रॉस-लेहनाऊ गावच्या शेतकी शाळेत केंद्र होतं. विमानतळ, तोफा, टेहळणीची ठाणी, सगळ्यांच्या तारा तिथं येत. त्या तारांवरून काय काय हुकूम गेले, ते मी पुढे पुस्तकांत वाचलं. आईला विचारलं तर ती उठून बटाटे सोलायला बसायची.

केंद्राचं गुप्त नाव होतं 'रानकोंबडी'. ह्यावरून पोरींचे विनोद चालत. कप्तान ड्रॉस्ट म्हणजे अर्थातच कोंबडा.

केंद्र हलवायचा एक नियम होता. तो नीट समजून घ्या, कारण सगळं त्या नियमावर आहे.

कमांड मागं सरकायची तेव्हा अर्ध्या पोरी आधी पुढे जात आणि नवीन ठिकाणी टेलिफोनचा बोर्ड उभा करत. उरलेल्या जुन्या जागी बसून राहत. ठरलेल्या दिवशी दुपारी बाराला जुनं केंद्र फोन करून विचारी, "ताबा घेतला का?"

नव्या केंद्रानं म्हणायचं, "ताबा घेतला. तुम्ही मोकळे."

जुन्यांनी म्हणायचं, "आम्ही मोकळे." मग बोर्ड कुऱ्हाडीनं फोडायचा आणि निघायचं.

ते वाक्य ऐकल्याशिवाय कुणी खुर्ची सोडायची नाही. बॉम्ब पडो, आग लागो. कुणीच नाही.

त्या वेळी आई पुढच्या तुकडीत होती. टिली मागच्या.

निघताना आई ट्रकजवळ रेंगाळली. "टिली, तूही चल ना."

"मग इथं कोण बसेल? तुझा कोंबडा? त्याला पिन कुठं खुपसायची ते तरी कळतं का?"

पोरी खिदळल्या. त्यांच्या प्रमुख क्रेगेल बाई ट्रकमधून ओरडल्या, "ओटिली, जीभ आवर! आणि हेडी, चढ आता. माहेर सोडून चालली आहेस का?"

टिलीनं आईचा गळपट्टा घट्ट केला. "छोटे, पायात माझे मोजे घातलेस ना?"

"नाही."

"खोटारडी. घाल. तिकडे थंडी जास्त असेल."

तेवढंच बोलणं झालं. टिलीबरोबर आणखी दोन पोरी आणि युर्गाइट नावाचा म्हातारा हवालदार मागे राहिले. कुऱ्हाड त्याच्याकडे होती.

नवीन जागा टानफेल्ड, नव्वद किलोमीटर पश्चिमेला. सोमवारी बाराला पाच कमी असताना आईचा बोर्ड तयार होता. जुन्या केंद्राची तार चौदा नंबरला जोडली होती. फोन आला की त्या नंबरची छोटी पितळी झडप पडायची.

बारा वाजले.

खट्...

चौदा नंबर.

आईनं पिन लावली. कानात आधी टिलीची सवय ऐकू आली. बोलण्याआधी ती पिनेचं टोक टेबलावर दोनदा आपटायची.

टक् टक्.

"रानकोंबडी एक बोलतेय. ताबा घेतला का?"

आईनं तोंड उघडलं... आणि कप्तान ड्रॉस्ट आत आला.

"थांब! ताबा घ्यायचा नाही. आपण इथूनही हलतोय. तासाभरात ट्रक सुटतील. त्यांना सांग, पुढच्या जागेवरून कळवू. तोवर तिथलं चालू ठेवा."

"पण साहेब, तिकडे रशियन रणगाडे..."

"हुकूम आहे."

आईनं सांगितलं.

"बरं," टिली म्हणाली. "किती वेळ?"

"पोचलो की लगेच."

"लवकर हं, छोटे. खिडकीतून धूर दिसतोय." मग हळूच, "मोजे?"

"घातलेत."

आईनं पिन काढली.

चार शब्द होते ते. ताबा घेतला, तुम्ही मोकळे. कप्तानाची पाठ वळली होती. ती म्हणू शकली असती.

ती म्हणाली नाही.

रस्त्यावर गाड्या, घोडे, हातगाड्या, बायका, पोरं... ट्रकला पोमेरेनियात पोचायला दोन दिवस लागले. तोवर पूर्वेकडच्या सगळ्या तारा तुटल्या होत्या. एका साखर कारखान्यात खोक्यातून काढून नवा बोर्ड लावला. गुरुवारी दुपारी फक्त सहा तारा जोडलेल्या होत्या. एक ते सहा. बाकीच्या झडपा नुसत्या शोभेच्या.

आई बीटचा पाक लावलेला पाव खात बसली होती.

बारा वाजले.

खट्...

चौदा नंबर.

तारेवर नेहमी एक गुणगुण असते. ती नव्हती. विहिरीत कान घातल्यासारखं रिकामं. आणि मग...

टक् टक्.

"रानकोंबडी एक बोलतेय. ताबा घेतला का?"

"टिली! कुठं आहेस तू? निघालात का तिथून?"

"ताबा घेतला का?"

"टिली, मी हेडी!"

"ताबा घेतला का?"

तोच सूर. ना घाई, ना राग. कामावरची पोर बोलते तसा.

क्रेगेल बाईंनी आईच्या डोक्यावरचे हेडफोन काढून स्वतःला लावले. ऐकलं. हळूच खाली ठेवले. मग तारवाल्याला बोलावलं. त्यानं बोर्डाची मागची फळी उघडली.

"चौदाच्या मागं तारच नाही, बाई. हे बघा. बोट घालून बघा हवं तर."

"बंद कर ती फळी," बाई म्हणाल्या.

आई रडत म्हणाली, "बाई, मी सांगू का तिला? मोकळं करू का?"

"आणि ताबा कुठाय आपल्याकडे? सहा तारांवर कमांड चालते का? खोटा ताबा दिला तर कोर्ट. आणि हल्ली कोर्ट म्हणजे झाड आणि दोर. येताना रस्त्यात लटकलेले बघितलेस ना?"

आईनं बघितले होते.

दोन दिवसांनी तिथूनही हलले.

मग हेच चालू झालं. पोमेरेनियातून मेक्लेनबुर्ग. तिथून आणखी पश्चिमेला. प्रत्येक ठिकाणी बोर्ड लावायचा आणि ताबा पुरा होण्याआधी उचलायचा. माणसं कमी होत गेली. तारा कमी होत गेल्या. कमांडच्या नकाशावर उरलेली विमानं एका मुठीत मावली असती, आई म्हणाली.

चौदा नंबर मात्र दर दुपारी पडायचा.

क्रेगेल बाई बाराला पाच मिनिटं कमी असतानाच खोलीबाहेर निघून जात. आई एकटी बसायची. कधी "थांब" म्हणायची. कधी विनवायची. कधी शिव्या द्यायची. पलीकडून एकच प्रश्न.

मार्चमध्ये एक जखमी तोफची भेटला. ग्रॉस-लेहनाऊमधून शेवटी निघालेल्यांपैकी. आईनं त्याला आपला दोन दिवसांचा पाव दिला आणि शाळेचं विचारलं.

"शाळा?" तो म्हणाला. "ती सोमवारीच गेली. चारच्या सुमाराला. मी ओरडलो त्यांना, पळा गं, म्हटलं! तर पोरी जागेवरच. हेडफोन लावून. एकीनं मला हातानं गप्प राहा अशी खूण केली... जणू फोन यायचा होता. म्हातारा दारात कुऱ्हाड घेऊन उभा. मग गोळा पडला."

त्या दिवशीही बाराला झडप पडली.

आठ मे. होल्श्टाइन. कमांडचं शेवटचं ठिकाण म्हणजे आयडर नदीकाठचा एक गोठा. तीन तारा. बाहेर गायी चरत होत्या.

सकाळी कप्तान ड्रॉस्टनं कागद जाळले. सगळ्यांना अंगणात उभं करून म्हणाला, "कमांड विसर्जित झाली आहे." मग शेतकऱ्याचा कोट चढवला आणि सायकलवर बसून गेला.

"उडाला कोंबडा," कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

पोरी बोचकी बांधून निघाल्या. आई बोर्डापुढेच बसून राहिली. क्रेगेल बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ, हेडी. संपलं सगळं."

"बारा वाजू देत."

बारा वाजले.

खट्...

टक् टक्.

"रानकोंबडी एक बोलतेय. ताबा घेतला का?"

"ताबा कसला, टिली! कमांडच संपली. लढाई संपली. घरी जा गं. सगळ्यांना घेऊन घरी जा."

साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच तो प्रश्न लगेच आला नाही.

मग टिली हळूच म्हणाली,

"हे वाक्य नाही, छोटे."

आईनं डोळे मिटले.

"ताबा घेतला," ती म्हणाली. "तुम्ही मोकळे."

एक लांब श्वास ऐकू आला. एकीचा नव्हे... तिघींचा. मागे एका म्हाताऱ्याचा खोकला.

"आम्ही मोकळे."

आणि मग, दूर कुठेतरी, लाकडावर कुऱ्हाडीचा घाव.

धाड...

धाड...

मग काही नाही.

आई हसत होती. रडत होती. हेडफोन काढून वळली तर क्रेगेल बाई दाराशी उभ्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय केलंस हे, पोरी?"

"सोडवलं, बाई! गेल्या त्या!"

"त्या गेल्या गं. पण ताबा तू घेतलास." बाई भिंतीला टेकल्या. "आता तुला कोण सोडवणार?"

आईनं त्या गोठ्यापासून दहा मैलांवर संसार केला. वडील दुधाच्या डेअरीत होते. १९६१ साली घरी टेलिफोन बसवला. दुसऱ्या दिवसापासून दुपारी बाराला तो एकदाच वाजू लागला. एकच घंटा. आई उचलायची, "आहे" म्हणायची आणि ठेवायची. वडील म्हणत, "तुझ्या आईचा प्रियकर घड्याळजी आहे."

दवाखान्यात जाईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, आईनं एकही दुपार चुकवली नाही. माझ्या लग्नात ती चर्चमध्ये अर्धा तास उशिरा आली. वडिलांना पुरलं तेव्हा बाराला ती घरी होती. मी तिच्याशी ह्यावरून किती भांडले, ते आता आठवत नाही. आठवायचं नाही.

सात वर्षांची असताना एकदा मी तिच्या आधी फोन उचलला होता. आत विहिरीसारखं रिकामं होतं. मग एक तरुण बाई हलक्या आवाजात म्हणाली, "छोटे, मोजे घातलेस ना?"

आईनं माझ्या हातातून फोन हिसकावला. आयुष्यात तेवढी एकच थप्पड.

हे सगळं तिनं मला मागच्या महिन्यात दवाखान्यात सांगितलं. चार दिवस, थोडं थोडं. डॉक्टर म्हणत होते, हिचं शरीर केव्हाच संपलंय, ही कशावर टिकून आहे कळत नाही. श्वास घेताना तिच्या घशातून आवाज यायचा. डोळे उघडे. तिला जाता येत नव्हतं.

पाचव्या दिवशी बाराला तिनं बोटानं पलंगाच्या कडेवर आपटलं.

टक् टक्.

"ताबा घेतला का?" तिनं विचारलं.

मला.

"आई, असं काय बोलतेस? झोप तू. मी आहे ना इथं."

तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. "हे वाक्य नाही, बाळ."

मी सुशिक्षित बाई आहे. आयुष्यभर पुस्तकांत राहिले. वाक्य म्हटल्यानं कुणी बांधलं जात नाही, हे मला कळतं. आणि माझी आई माझ्या डोळ्यांपुढे तडफडत होती.

मी म्हटलं. "ताबा घेतला. तू मोकळी."

"मी मोकळी," आई म्हणाली. सगळा चेहरा सैल झाला. एकोणीस वर्षांच्या पोरीसारखा.

खाली कुठेतरी लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. नर्सनं दारातून डोकावलं. "काही पडलं का हो?"

आई गेली होती.

तिच्या घरचा फोन मी दुसऱ्याच दिवशी बंद करून घेतला. तार काढून नेली, मी स्वतः पाहिलं. नुसतं यंत्र, ती बसायची त्या स्टुलाजवळ राहिलं आहे. मी घर आवरायला आले होते, दोन दिवसांसाठी.

आज तेविसावा दिवस.

बाराला चार मिनिटं कमी आहेत, म्हणून इथंच थांबते.

मला मूलबाळ नाही. पण एक भाची आहे, नवऱ्याकडची. फार मायाळू पोर. मी आजारी पडले तर धावत येईल.

तिला मी कधीही काही विचारणार नाही, असं मी ठरवलं आहे.

आईनंही ठरवलं होतं.